परदेशी द्रव्य आणि घरची वर्गणी

संस्थेची वाणी बंद करावयाची, तर तिच्या थैलीचें तोंड बांधलें म्हणजे पुरे. इथिओपियांत २००९ सालीं कायदा झाला कीं, जिच्या उत्पन्नांत शेंकडा १० हून अधिक परदेशी द्रव्य असेल त्या संस्थेनें मानवी हक्कांचें काम करूं नये. उपदेश स्वावलंबनाचा; परंतु देशांत वर्गणीदार थोडे, त्यामुळें कित्येक संस्था तें काम सोडून विकासकार्याकडे वळल्या. युरोपीय संघानें सरकारशीं करार करून आपला एक निधि ‘देशी’ ठरवून घेतला, म्हणून कांहींचा निभाव लागला. ती मर्यादा २०१९ सालीं उठली. सारांश, दात्यानें द्रव्याबरोबर वर्गणीदार जोडण्याचेंहि साह्य करावें. शेजाऱ्यानें दिलेला पैसा कोणत्याहि कायद्यास परका ठरवितां येत नाहीं.