जुना ट्रॅक्टर घेताना

(घोडपदेव येथे मुंबईस्थित गावकऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या वस्तीने गिरण्यांतले साचे चालविले आणि दारूखान्यात मोडलेल्या जहाजांचे लोखंड हाताळले, त्या घोडपदेवात जुने यंत्र कसे पारखावे हे सांगणे थोडे धाडसाचेच आहे. तथापि, लोखंड ओळखणे वेगळे आणि शेतीसाठी ट्रॅक्टर निवडणे वेगळे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील कितीतरी कुटुंबांना गावाकडची दोन-तीन एकर जमीन हाच आधार उरला. आजही निवृत्त होणारा माणूस फंडाच्या पैशातून जुना ट्रॅक्टर घेण्याचा बेत करतो. तो पैसा पुन्हा हाती येणारा नसतो.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीची मशागत थोड्या दिवसांत उरकते. उरलेले वर्षभर ट्रॅक्टरला भाड्याचे काम मिळेल काय, याचा हिशेब आधी करावा. कोकणातील पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत तर ट्रॅक्टर धड वळतही नाही. तेथे पॉवर टिलरच बरा.

घ्यावयाचे ठरलेच, तर ट्रॅक्टर पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. बॉनेटला हात लावताच ते गरम लागले, तर मालकाने ते आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. चालू इंजिनच्या ब्रीदरमधून धूर जोराने फुसफुसत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्याची दाट शंका घ्यावी. गिअरबॉक्समधील तेल दुधासारखे दिसले, तर चिखलणीत पाणी आत शिरले आहे. हायड्रॉलिकवर नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो लगेच खाली बसू लागला तर खर्च ठरलेला. नवा रंग पाहून भुलू नये. तास दाखविणारे मीटर बदलता येते, पण पेडलचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगचा ढिलेपणा सहसा खोटे बोलत नाहीत. ऊसवाहतुकीत राबलेल्या ट्रॅक्टरचे क्लच व ब्रेक विशेष तपासावेत. यासाठी गावच्या मिस्त्रीला सोबत न्यावे. त्याची मजुरी ही बचतच होय.

कागदपत्रांकडे मात्र आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. इंजिन व चेसिस क्रमांक आर. सी. पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे नमुने भरण्यास साहाय्य केले, तर पुढचे कज्जे टळतील.

भावाविषयी एकच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीच्या नव्या किमतीवरून कोणी जुन्याचा भाव सांगत असेल, तर आधी आजच्या नव्या ट्रॅक्टरचे दरपत्रक मागवावे आणि मगच बोलणी करावीत.