वाट दाखविणारे ॲप निवडताना

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



मोबाइलवर वाट दाखविणारे कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न आता केवळ सहलीला निघालेल्या मंडळींचा राहिलेला नाही. मतदान केंद्राकडे निघालेले पथक, लशींचा डबा घेऊन पाड्यावर जाणारी परिचारिका, पंचनाम्यासाठी बाहेर पडलेला महसूल कर्मचारी आणि अपरात्री बाळंतिणीला आणावयास निघालेली रुग्णवाहिका, या सर्वांच्या हाती आज हेच साधन असते. त्याची निवड मात्र बहुधा होतच नाही; फोनबरोबर जे आले, तेच चालू राहते.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात घडलेली दुर्घटना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. रात्रीच्या वेळी फोनवरील नकाशाच्या आधारे निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. पूल नकाशावर होता, तसाच तो जमिनीवरही होता. परंतु त्यावर पाणी आहे, हे आकाशातील उपग्रहास ठाऊक असणे शक्यच नव्हते.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आपण कोठे आहोत हे कळणे वेगळे आणि कोणत्या वाटेने जावे हे कळणे वेगळे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की फोन स्वतःचे स्थान काढतो. आपल्या इस्रोची ‘नाविक’ ही यंत्रणाही याच तत्त्वावर उभारलेली आहे. मोकळ्या आकाशाखाली हे स्थान साधारणतः पाच मीटरच्या आत बरोबर येते. घाटात, कड्याला लागून किंवा दाट झाडीत चूक वाढते. या कामासाठी मोबाइलच्या टॉवरची आवश्यकता नसते. वाट मात्र नकाशावरून काढावी लागते. तो नकाशा इंटरनेटवरून येत असेल, तर रेंज गेली की पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवरचा एक निळा ठिपका तेवढा उरतो. आपण कोठे आहोत हे फोनला ठाऊक असते, पण कोठे वळावे हे तो सांगू शकत नाही.

म्हणूनच पहिली कसोटी रेंजची. मुंबई-पुण्यात गर्दीची क्षणोक्षणीची माहिती देणारे गूगल मॅप्स किंवा भारतीय बनावटीचे मॅपल्स सोयीचे आहे. गर्दीचा हा अंदाज रस्त्यावरील फोनांच्या हालचालीवरून बांधला जातो. जव्हार-मोखाड्याच्या किंवा धडगावच्या आडवाटेवर दिवसाकाठी मोजकीच वाहने जात असतील, तर तेथे या गुणाचा उपयोग तो किती! तेथे संपूर्ण नकाशा फोनमध्ये साठवून ठेवणारे ॲप हवे. ऑस्मअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही दोन ॲपे तशी आहेत. गूगलच्या नकाशाचाही भाग उतरवून ठेवता येतो. परंतु रेंजविना तो मोटारीची वाट दाखवितो, पायवाट नाही. पाड्यापर्यंत शेवटचे दोन किलोमीटर चालत जाणाऱ्या आरोग्यसेविकेला हा फरक फार मोठा आहे. दोन ॲपे ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरासाठी एक, रानासाठी एक.

दुसरी कसोटी गावाच्या नावाची, आणि माझ्या मते खरा घोळ येथेच होतो. वडगाव शोधा, पिंपळगाव शोधा. महाराष्ट्रात ही गावे किती, याची गणती करावयास बसू नये. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द आपल्या पूर्वजांनी हौसेने जोडलेले नाहीत. थोरले गाव आणि धाकटे गाव यांच्यामध्ये पुष्कळदा ओढा किंवा नदी असते आणि पावसाळ्यात त्या ओढ्यावरून पलीकडे जाण्यास दहा कोसांचा वळसा पडतो. जे ॲप हा फरक ओळखत नाही, ज्यावर वाडी व पाडा आढळत नाहीत, ते दिसावयास कितीही देखणे असो, आपल्या कामाचे नाही.

तेव्हा नावावर विसंबू नये, अक्षांश-रेखांश मागावेत. दशांशानंतर पाच अंक घेतले, तर सुमारे एक मीटरपर्यंतचे स्थान मिळते. तीनच घेतले, तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. आधी अक्षांश, मग रेखांश. पुण्याचे आकडे उलटे लिहिले, तर रुग्णवाहिकेला नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जावे लागेल! टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिनमध्ये हीच माहिती दहा अक्षर-अंकांत बसविलेली आहे; त्याचा एक चौकोन साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा असतो. फोनवरून सांगावयास ते सोपे पडते.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. ऑस्मअँड व ऑर्गॅनिक मॅप्स ज्या नकाशावर चालतात, तो ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. त्यात कोणासही भर घालता येते. नावे मराठीतही नोंदविता येतात. जेथे कोणी भर घातलेली नाही, तेथे तो रिकामा आहे, हेही मान्य केले पाहिजे. इतर नकाशांत चूक कळविता येते, पण ती स्वीकारणे कंपनीच्या हाती राहते.

ॲप पसंत करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. मोबाइल डेटा बंद करून तालुक्याच्या गावाहून आपल्या सर्वांत दूरच्या वाडीची वाट विचारावी. आपणास माहीत असलेली वाट आणि त्याने काढलेली वाट ताडून पाहावी. वाहनाचा प्रकारही तपासावा. दुचाकीसाठी निवडलेली पद्धत तशीच राहिली, तर जीप बोळात अडकते. गाडीत चार्जर असावा, कारण पडदा सतत चालू राहिल्यास बॅटरी झपाट्याने उतरते.

ग्रामपंचायतींनी शाळा, उपकेंद्र, पाणवठा आणि पाण्याखाली जाणारा प्रत्येक पूल यांचे अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून तो कार्यालयात लावावा. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन शिक्षकांना ही नोंद एका दुपारी करता येईल. पूल पाण्याखाली गेला, की ती बातमी त्याच दिवशी तालुक्याला, १०८ च्या चालकांना आणि शक्य असेल त्या नकाशावर कळवावी. पाणी ओसरल्यावर पुन्हा कळवावयाचे राहून जाते, तेवढे मात्र सांभाळावे.