एका अग्निशमन केंद्राचा शोक

ज्यूल आणि गेडियन नोदे हे दोन फ्रेंच बंधू आणि न्यूयॉर्क अग्निशमन दलातील जवान जेम्स हॅनलन यांनी केलेला ‘९/११’ हा माहितीपट १० मार्च २००२ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून प्रथम दाखवण्यात आला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात कोसळणाऱ्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांच्या चित्रणामुळे तो गाजला. परंतु त्याचे अधिक टिकाऊ मोल मॅनहॅटनमधील ड्युएन स्ट्रीटवरच्या एका अग्निशमन केंद्रातील माणसांचे परस्परांशी असलेले नाते समजावून देण्यात आहे.

बंधूंचा मूळ विषय दुर्घटना हा नव्हताच. २००१ च्या उन्हाळ्यात ते एका नवख्या जवानाची उमेदवारी, म्हणजे कायम होण्यापूर्वीचा नऊ महिन्यांचा पारखीचा काळ, टिपत होते आणि म्हणूनच केंद्रातील स्वयंपाकघर पडद्यावर इतक्या निवांतपणे येते. अशा केंद्रांत जवान स्वतःच्या पैशाने बाजारहाट करतात, पाळीवरचे सगळे एका टेबलाशी जेवतात, नवख्याच्या वाट्याला पडेल ती कामे आणि भरपूर थट्टा येते, आणि तो हे सारे कसे सोसतो यावरून जुनेजाणते त्याचा भरवसा जोखतात. धुराने अंधारलेल्या खोलीत मागच्या माणसावर टाकायचा विश्वास या रोजच्या पंगतीत घडलेला असतो.

११ सप्टेंबरच्या सकाळी ज्यूल हे बटालियनप्रमुख जोसेफ फायफर यांच्यासोबत गॅसगळतीची तक्रार तपासण्यास गेले होते. ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिले विमान उत्तर मनोऱ्यावर आदळल्याचे त्यांनी टिपले आणि फायफर यांच्यामागोमाग ते मनोऱ्यात शिरले. आत शिरताच जळणारी माणसे दिसली, तेव्हा त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला नाही, हा त्यांच्या माणुसकीचा निर्णय होता. तेथेच फायफर यांची आपला भाऊ केविन याच्याशी भेट झाली. तोही दलात अधिकारी होता, तो वर गेला आणि परतला नाही.

त्या दिवशी दलातील ३४३ जण मृत्यू पावले. ड्युएन स्ट्रीटच्या केंद्रातील मात्र सर्वजण जिवंत परतले. सोबती गेले असता आपणच कसे वाचलो, या बोचणीला मानसशास्त्रात वाचलेल्याचा अपराधभाव म्हणतात, आणि तिच्यावर जवानांना सुचलेला उपाय म्हणजे ढिगाऱ्यात शोध घेत राहणे. हे शोधकार्य मे २००२ च्या अखेरपर्यंत चालले. सोबत्याला घरी आणण्याच्या या ओढीने अनेकांना उभे ठेवले, पण त्याची किंमतही जबर होती: ढिगाऱ्यातील विषारी धुळीशी निगडित आजारांनी मृत्यू पावलेल्या जवानांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ वर पोचली.

घट्ट नात्याची एक अडचणही असते. ज्यांच्यासमोर खंबीर राहायचे, त्यांच्यासमोरच मन मोकळे करणे कठीण जाते. आघातानंतर लगेच एकदाच सर्वांना बसवून बोलते करण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तथापि अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे भयावह आठवणी, झोपमोड व सततची दचक यांनी ग्रासलेली अवस्था, टळत नाही असे पुढील अभ्यासांत दिसले. न्यूयॉर्कच्या दलाने समुपदेशन शाखा वाढवली आणि आघात व शोक स्वतः अनुभवलेल्या निवृत्त जवानांना केंद्रांत पाठवले. ते स्वयंपाकघरात बसत, चहा-कॉफी घेत, आणि बोलण्याची वेळ समोरच्याला ठरवू देत.