‘कागदावर काही येऊ देऊ नकोस’
(धुळे इथल्या कार्यकर्त्या मेळाव्यात केलेलं भाषण)



विमानाबद्दल बोलणार आहे असं सांगितल्यावर मागच्या ओळीत हशा पिकला. खरंय, आपण सगळ्या एसटीनं आलेल्या. पण धुळ्याच्या बायकांना गोंदूरच्या धावपट्टीवरून उठणारी छोटी विमानं नवी नाहीत. मुंबई फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तिथं चालतं. शिरपूरकडेही अशी संस्था आहे. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील तर राष्ट्रपती असताना, वयाच्या ७४ व्या वर्षी, २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या. जगात शंभर वैमानिकांमागे बायका जेमतेम पाच-सहा, आपल्या देशात बारा ते पंधरा. म्हणजे आपल्या घरातल्या मुली तिथे पोचल्या आहेत. त्यांचे प्रश्नही आज ना उद्या आपल्या दारात येणारच.

आमच्या सल्ला केंद्रात एक प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. ओळख लागणार नाही अशा बेतानं आणि त्या मुलीला विचारूनच सांगते. केळीच्या पट्ट्यातली शेतकऱ्याची पोर, परराज्यात विमान शिकत होती. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. तिचे निम्म्याहून जास्त झाले होते. आली ती आधी विचारती झाली, “ताई, रजिस्टरात नाव लिहावंच लागतं का?” दोन महिने झोप नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, नळ सोडून मोरीत रडायचं. डॉक्टरनं नैराश्य सांगून गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी घडी घालून पर्सच्या तळाशी, एकही गोळी घेतलेली नाही. “मेडिकलमध्ये हे सांगावं लागेल का?”

आणि मी, जी गेली पंधरा वर्षं बायकांना ‘बोला, बोला’ म्हणून सांगतेय, मी तिला म्हटलं, “कागदावर काही येऊ देऊ नकोस.”

वाईट हेतूनं नाही म्हटलं. डोळ्यासमोर गहाण पडलेलं शेत होतं. ‘पोरगी डोक्यानं गेली’ म्हणणारं गाव होतं. टीबी लपवून, फिट्स लपवून लग्नं लावलेल्या किती मुली आपण पाहिल्या! लपवणं हाच बाईचा बचाव, हे आपल्याही अंगात इतकं मुरलंय. पण ही मुलगी उद्या विमानात बसणार आहे, झोपेविना, एकटी, हे मी घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

नियम नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते. वैमानिकाचा परवाना खिशात असला तरी वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय तो निरुपयोगी. उड्डाणावर पोट भरायचं तर पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ठरल्या मुदतीनं पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा. तपासणीच्या अर्जात मागचे आजार लिहून द्यायचे, त्यात मनाचेही आले. अपात्र ठरवतानाही ‘तात्पुरतं’ आणि ‘कायमचं’ असे दोन वेगळे शेरे असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस अशी, की नैराश्यावर गोळ्या चालू असतील तर अपात्र धरावं. मात्र वैद्यकीय मूल्यमापकानं त्या व्यक्तीचे सगळे कागद पाहून धोका नाही असं ठरवलं तर उडू देता येतं. या ‘मात्र’वर पुष्कळ अवलंबून आहे. कुठल्या देशानं ते दार किती उघडलं, यात मोठा फरक पडतो.

अमेरिकेनं ते २०१० मध्ये उघडलं. चार ठरावीक गोळ्यांपैकी एक घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या वैमानिकाला देखरेखीखाली उडायची परवानगी मिळू लागली. ऑस्ट्रेलियात ती त्याच्याही आधीपासून होती, आणि तिथल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांचे अपघात इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आढळले नाहीत.

मग कुणीतरी जर्मनविंग्जचं नाव काढतंच. २४ मार्च २०१५ ला सहवैमानिकानं कॅप्टनला बाहेर ठेवून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर आपटलं. १५० माणसं गेली. ‘म्हणून असल्यांना उडूच देऊ नये’ असं लोक म्हणतात. फ्रान्सच्या चौकशी अहवालात काय आहे बघा. त्या माणसाला डॉक्टरांनी सुटीच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, एकानं मनोरुग्णालयात दाखल व्हायला सुचवलं होतं. त्यानं कंपनीला कळवलं नाही, डॉक्टरांनीही नाही. उडण्याचा हक्क आणि पगार जाण्याची भीती माणसाला गप्प बसवते, हे अहवालानं मान्य केलं. नैराश्य असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, हेही इथं सांगायलाच हवं. त्यानंतर युरोपनं कंपन्यांना सहकाऱ्यांचे आधारगट सक्तीचे केले. आपल्या डीजीसीएनंही २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या. पण शिकणाऱ्या मुलीला कुठली कंपनी? तिला आहे फक्त कर्ज.

२०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वैमानिकांना नाव न विचारता प्रश्न पाठवले. त्या भागाची उत्तरं देणाऱ्या १,८४८ जणांपैकी १२.६ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं निघाली. नाव न विचारल्यावर एवढे बोलले! आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य? ज्या बाईला गरोदरपणातही जमिनीवर बसावं लागलेलं असतं, ती परतताना ‘मला रडू येतं’ हे त्या अर्जात लिहील, असं तुम्हाला वाटतं?

आमच्या मुलीनं माझा सल्ला तीन आठवडे पाळला. मग एका सकाळी उतरताना उंचीचा आकडा वाचूनही डोक्यात शिरेना. शिक्षक शेजारी होते म्हणून निभावलं. तिनं त्यांनाच सगळं सांगितलं आणि स्वतःहून उडणं थांबवलं. मग माझ्याकडे आली. रागावली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. मी तिची माफी मागितली.

आता केंद्रात अशी कुणी आली तर आम्ही पहिल्यांदा सांगतो, आज उडू नकोस, पण उपचार सोडू नकोस. गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत, मनानं बंद तर त्याहून नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान, औषध, मात्रा, तारखा सगळं लेखी घे. तेच कागद पुढे तुझी बाजू मांडतील. विमान वैद्यकाच्या परीक्षकाला विचार, तात्पुरत्या अपात्रतेची मुदत किती आणि फेरतपासणीला काय लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुला आहे. पण दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर त्याला अपवाद आहे, हेही आम्ही तोंडावर सांगतो. आणि घरच्यांना बोलावतो. कर्ज देणाऱ्या बँकेकडे मुदतवाढीचा अर्ज टाकायला बरोबर जातो. या कामाला कुणी समुपदेशन म्हणत नाही, पण मुलीची झोप बरेचदा तिथेच अडकलेली असते.

डीजीसीएकडे आपली मागणी साधी आहे. उपचार घेणारीला किती दिवसांनी, कुठल्या कागदांवर परत घेणार, ते मराठी-हिंदीत, शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी हातात द्या. त्या पत्रकावर मेळाव्यानंतर सह्या करून जा. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे.

ती मुलगी घरी आहे. गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी होऊन थांबल्या. गावात बोलणारे बोलले. एक स्थळ मोडलं, तर तिची आई म्हणाली, “बरं झालं माय, आधीच कळलं.” फेरतपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. चिठ्ठ्यांची फाइल तिनं स्वतः लावलीय, पहिली घडी घातलेली चिठ्ठी सगळ्यात वर. आई बरोबर जाणार आहे.