सर्वांना एकच नियम, तरी स्त्रिया मागे का?



समतेचा विषय निघाला की "नियम सर्वांना सारखाच आहे" हे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले असते. आज मी अशाच एका सारख्या नियमाबद्दल बोलणार आहे. तो अमेरिकेतला आहे आणि त्यावर माणसांचे जगणे-मरणे ठरते.

यकृत पूर्ण निकामी झाले की प्रत्यारोपणाशिवाय फारसा इलाज उरत नाही. मूत्रपिंडासाठी डायलिसिस असते, तसे वर्षानुवर्षे तगवणारे यंत्र यकृतासाठी नाही. मृत दात्यांची यकृते थोडी आणि वाट पाहणारे जास्त. मग मिळालेले यकृत आधी कोणाला द्यायचे?

२००२ पूर्वी तिथे यादीत किती काळ काढला, याला बरेच वजन होते. त्यामुळे ज्याचे नाव लवकर नोंदले गेले, त्याचा फायदा होई. पोटात पाणी किती, भान किती हरपले, हे डॉक्टरांच्या अंदाजावर ठरे. फेब्रुवारी २००२ मध्ये 'मेल्ड' ही गुणपद्धत आली. बिलिरुबिन, रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारा आयएनआर आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्यांवरून रुग्णाला ६ ते ४० गुण मिळू लागले. तीन महिन्यांत मृत्यूचा धोका जितका जास्त, तितका नंबर वर. यादीवरचे मृत्यू घटले. जास्त आजारी रुग्णांना यकृत मिळूनही शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण घसरले नाही. ओळख, पैसा, डॉक्टरांचा कल यांना सूत्रात जागाच नव्हती.

पुढे अभ्यासकांनी स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे करून पाहिले. वाट पाहताना स्त्रियांचे मृत्यू जास्त होत होते आणि त्यांना यकृतही कमी मिळत होते. याचे एक कारण क्रिएटिनिनमध्ये होते. ते स्नायूंतून तयार होते. स्त्रियांचे स्नायू सरासरीने कमी, म्हणून मूत्रपिंड तितकेच बिघडले तरी त्यांचा आकडा कमी दिसे. आजार सारखा, पण गुण कमी.

जुलै २०२३ पासून तिथे सुधारित 'मेल्ड ३.०' लागू झाले. त्यात अल्ब्युमिनची भर पडली, क्रिएटिनिनची कमाल मर्यादा खाली आली आणि स्त्रियांना १.३३ गुण जास्त मिळू लागले. काहींना ती सवलत वाटेल. मला ती मापातली चूक दुरुस्त करणे वाटते. तरीही सगळे सुटलेले नाही. लहान चणीच्या स्त्रीच्या पोटात मोठे यकृत मावत नाही, आणि सूत्रात उंचीचा विचार नाही.

सूत्र बनवणाऱ्यांच्या मनात स्त्रियांविषयी आकस नव्हता, तरी नुकसान झाले. ते उघड झाले, कारण सूत्र सर्वांसमोर होते आणि कोणीतरी निकाल वेगळे करून मोजले. शिष्यवृत्ती असो, नोकरभरती असो की घरातल्या वाटण्या, "नियम एकच आहे" असे कोणी म्हटले की तुम्हीही दोन प्रश्न विचारा: मोजले काय? आणि मागे कोण राहिले?