शेठजींची गाडी

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. त्या दिवशी टीव्हीवर लोक काळ्या-पिवळ्या गाडीला टेकून फोटो काढताना दिसत होते. आमची ही म्हणाली, "फोटो काढायला काय जातंय? घरात सांभाळून बघा म्हणावं." तिला तसं बोलायचा अधिकार आहे. आमच्या पद्मिनीचा सगळा जमाखर्च तिच्याच वहीत आहे.

मी इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याचा. वालचंदनगर आमच्या शेजारीच. अब्बा तिथं वर्कशॉपमध्ये टर्नर होते, तीस वर्षं लेथपुढे उभे राहिले. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याला मोटारी बनू लागल्या. तिथं फियाटच्या सहकार्यानं बनणाऱ्या गाडीचंच सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' असं बारसं झालं. शेठजी 1953 मध्येच गेले. अब्बांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. तरी रस्त्यानं पद्मिनी गेली की म्हणायचे, "अपने शेठ की गाडी है."

2002 साली मी पतसंस्थेत कारकून होतो. दुसऱ्या कवितासंग्रहाच्या छपाईसाठी 28,000 रुपये बाजूला ठेवले होते. आपल्याकडे कवीला बहुधा स्वतःच्याच खिशात प्रकाशक शोधावा लागतो. त्याच वेळी बारामतीत 1986 सालची एक पद्मिनी विकायची आहे असं कळलं. अब्बांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे, बोलणं जवळजवळ बंद. मी त्यांना गाडी बघायला नेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, मान तिरकी करून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट बजता है, पर चलेगी." संग्रह राहिला, गाडी आली.

दोष कंपनीचा म्हणता येणार नाही. गाडी सोळा वर्षांची, तीन हात फिरलेली, आणि मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात ती भर दुपारी जंक्शनजवळ थांबली. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून. उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते, मग पंप नुसती वाफ ओढत राहतो. अब्बांनी डोक्याचा पंचा सोडला, पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू. तेव्हापासून डिकीत पाण्याचा कॅन आणि फडकं कायमचं. आषाढात तुकोबांची पालखी गावात आली, त्या दिवशी सेल्फ अडकला, तर आठ-दहा वारकऱ्यांनी 'पुंडलिक वरदे' म्हणत गाडी ढकलून दिली. असा धक्का कुठल्या गॅरेजमध्ये मिळणार?

खरा खड्डा पडला 2003 मध्ये. इंजिन तापायला लागलं, ऑइलची काडी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. मिस्त्री म्हणाला, "हेडला फेस मारावा लागेल. उघडलंच आहे तर बोअर करून पिस्टन-रिंगाही टाका." सुट्या भागांसाठी मी तीन रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलो, कारण गाडीचं उत्पादन तोवर बंद पडलं होतं. वहीत त्या महिन्याचा आकडा आहे 14,350. मी घरात 9,000 सांगितले होते. खरा आकडा हिला मिस्त्रीनंच सांगितला. ती दोन दिवस बोलली नाही. वहीत मात्र 9,000 वर काट मारून खरा आकडा लिहून ठेवला.

पण त्या महिनाभर अब्बा रोज सकाळी डबा घेऊन गॅरेजला जात होते. डबा, अगदी कारखान्यात नेत तसाच! लेथवाल्या पोराच्या मागं उभं राहून त्याला कट किती घ्यायचा ते सांगायचे. मायक्रोमीटर स्वतःचा, घरून नेलेला. पोरं त्यांना 'चाचा' म्हणायची. रात्री जेवताना ते बोलत, आणि कशावर बोलत तर पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीवर. आम्ही ऐकत असू. अम्मी गेल्यापासून घरात जेवताना इतकं कुणी बोललंच नव्हतं.

2005 च्या डिसेंबरात रात्री दोनला अब्बांच्या छातीत दुखू लागलं. मी चोक ओढला, सेल्फ मारला. एकदा, दहादा. बॅटरी उतरलेली. शेवटी शेजाऱ्याचा दुधाचा टेम्पो काढला. मी मागं कॅनांच्या मध्ये त्यांना मांडीवर घेऊन बसलो, बारामतीपर्यंत. वेळेत पोचलो, वाचले. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "उसको गाली मत दे, ठंड है." त्या रात्री मी गाडीला नाही, स्वतःला दिल्या. महिनाभर बॅटरी टाळत होतो, दोन हजार वाचवायला.

2006 मध्ये गाडीची मुदत भरली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. खालचा पत्रा गंजून गेला होता. वेल्डिंग, ब्रेक, रंग धरून मिस्त्रीनं 22,000 सांगितले. अब्बांना कसं सांगावं या विचारात मी आठवडा काढला. एका सकाळी तेच बॉनेटशी उभे दिसले. इंजिन चालू होतं, मान तिरकी. चावी बंद करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अब बस."

भंगारवाला 8,000 म्हणाला. मी हो म्हणणार, इतक्यात अब्बा ओट्यावरून उठले. बोअर कधी केला, रिंगा कोणत्या, हेडला फेस किती मारला, सगळं त्याला उभं करून ऐकवलं आणि आठाचे साडेआठ केले. आठ हजार हिच्या हातात दिले. वरचे पाचशे त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवले.