मधलं माणूस गेल्यावर

हातातली कामं उरकून रेडिओजवळ बसलेल्या आणि भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आमच्या गटाचा नमस्कार.

एरवी आम्ही बचतीवर बोलतो, शेळीपालनावर बोलतो. आज बोलणार आहोत एका गाण्याच्या मंडळाबद्दल, आणि तेही इंग्लंडातल्या. तुम्ही म्हणाल, यांना काय झालं? ऐका तर खरं.

या मंडळाचं नाव डिपेश मोड. लंडनजवळ बॅझिल्डन नावाचं गाव आहे. तिथं 1980 साली चार पोरांनी ते काढलं. त्यांचं संगीत विजेच्या वाद्यांवरचं. आपल्याकडे लग्नाच्या बॅंडमध्ये कॅसिओ असतो ना, त्याच्या जातीतलं, पण त्याहून पुष्कळ करामती वाद्य, सिंथेसायझर. त्यातून सूर तर निघतातच, पण हवे तसे नवे आवाजही घडवता येतात. सुरुवातीला मार्टिन गोर बॅंकेत नोकरी करायचा आणि अँडी फ्लेचर विम्याच्या कचेरीत. नोकरी सांभाळून गाणं, जसं आपण घर सांभाळून गट चालवतो.

1981 साली पहिला अल्बम आला. त्याच वर्षी गाणी रचणारा व्हिन्स क्लार्क मंडळ सोडून गेला. मग मार्टिन गाणी रचू लागला. पुढे आणखी एक जण आला, तेरा वर्षं राहिला, तोही गेला. राहिले तिघं. मार्टिन गाणी रचणारा, डेव्ह गान गाणारा आणि अँडी.

अँडी काय करायचा? तो वाजवायचा, पण मोठा वादक म्हणून त्याचं नाव नव्हतं. आपण नुसतं इकडंतिकडं करतो, असं तो स्वतःच गमतीनं म्हणायचा. पण पैशाचे व्यवहार, करारमदार तो बघायचा. मार्टिन आणि डेव्हचं पटलं नाही की मधे उभा राहायचा. मंचावर दिसत नाही, पण ज्याच्याशिवाय मंच उभा राहत नाही, असं ते काम.

26 मे 2022 ला अँडी अचानक गेला. वय साठ. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली. नव्या अल्बमची गाणी करोनाच्या काळात रचून तयार होती, ध्वनिमुद्रण सुरू व्हायचं होतं. अल्बमचं नावही आधीच ठरलेलं, मेमेंटो मोरी. लॅटिन भाषेतले शब्द आहेत, अर्थ असा की मरण आहे हे ध्यानात ठेव.

आता मैत्रिणींनो, आमची गोष्ट सांगतो. आमच्या गटात बारा जणी. त्यात आमची आक्का. ती अध्यक्ष नव्हती. पण कुणाचा हप्ता का राहिला, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं तिला ठाऊक. अध्यक्षबाई आणि हिशेब ठेवणारी यांचं जमायचं नाही. एकीचा निरोप दुसरीला आक्काच पोचवायची, आणि पोचवताना त्यातलं तिखट काढून टाकायची. गेल्या दिवाळीआधी आक्का गेली. पुढच्या दोन बैठका झाल्याच नाहीत. तिसरीला पाच जणी आल्या, आणि एकीनं म्हटलं, पैसे वाटून घेऊ, गट मोडू.

त्याच सुमारास गटातल्या एकीच्या लेकीनं आम्हाला मोबाईलवर ही गोष्ट सांगितली आणि एक गाणं दाखवलं, त्याच अल्बममधलं. शब्द आम्हाला कळले नाहीत. पण चित्र कळलं. उंच इमारतीच्या गच्चीवर डेव्ह आणि मार्टिन समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतायत. दोघंच.

त्यांनी मंडळ मोडलं नाही. अँडीलाही हेच हवं असतं, असं सांगून ते कामाला लागले. 24 मार्च 2023 ला त्यांचा हा पंधरावा अल्बम आला, बारा गाण्यांचा. त्यात एक गाणं दोघांनी मिळून रचलंय, जे त्यांनी फारसं कधी केलं नव्हतं. मधला माणूस नाही म्हटल्यावर एकमेकांशी थेट बोलावं लागलं, त्यातून जवळ आलो, असं मार्टिननं मुलाखतीत सांगितलंय. नंतरच्या कार्यक्रमांत एका गाण्याला पडद्यावर अँडीचा चेहरा दाखवायचे. त्याला विसरले नाहीत.

मग आम्हीही त्या दोघींना समोरासमोर बसवलं. मधे कुणी बसायचं नाही, असं ठरवलं. पहिला अर्धा तास नुसता राग निघाला. मग एक जण म्हणाली, "आक्का असती तर तुझं म्हणणं मला गोड करून सांगितलं असतं." दुसरी रडायलाच लागली. त्या दिवशी गट मोडायचा विषय मागे पडला.

तेव्हा मैत्रिणींनो, एक काम करा. तुमच्या गटातली आक्का कोण, ते आजच ओळखा. तिचं नाव कागदावर नसेल. ती आहे तोवर तिला सांगा, बाई, तुझ्यामुळे आम्ही एकत्र आहोत. तिला ठाऊक असलेला हिशेब आणखी दोघींना शिकवायला लावा. बॅंकेत सही करणारी गेली, तर बैठकीत ठराव करून लगेच नवं नाव द्या, म्हणजे खातं अडकत नाही. आणि ज्या दोघी तिच्यामार्फत बोलतात, त्यांनी आतापासूनच थेट बोलायची सवय लावून घ्या.

आमची बैठक आता पुन्हा दर सोमवारी भरते. आक्काच्या जागेवर आम्ही कुणी बसत नाही. हप्त्याची पेटी तिथं ठेवतो.